एकतीस मार्चचं सोनं

विपुलदादाने ताळेबंद आणला तो गुळगुळीत कागदावर छापून, स्पायरल बांधून आणि वर गोविंदआजोबांचा रंगीत फोटो टाकून. आजोबा बिचारे जन्मभर लंगोटी लावून अंजूरच्या खाडीकाठी भात लावत मेले. आता त्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं होती, 'गोविंदस्मृती वेअरहाउसिंग'. फोटोत त्यांना कोट चढवला होता. तो कॉम्प्युटरवरच चढवला असणार, कारण आजोबांच्या अंगावर कोट अख्ख्या गावात कोणी पाहिला नव्हता.

"तू सी.ए.च्या ऑफिसात आहेस," विपुलदादा हेमालीला म्हणाला. "काशीआत्याला हे आपल्या भाषेत समजावून सांगायचं. नफा रुपयाला चोवीस पैसे. करंट रेशो दोन पॉइंट एक. रविवारी खारबावला जाऊ. आत्या चेक लिहायला तयारच आहे, फक्त म्हणते, हेमाली बोलली की लिहिते."

विपुल हा हेमालीच्या मोठ्या काकांचा मुलगा. काका गेले, जमीन त्याच्या हाती आली, आणि भाताच्या जागी त्याने तीन गोडाऊनं उभी केली. काशी ही हेमालीच्या वडिलांची, तुळशीरामची, पाठची बहीण. ती लग्न होऊन खारबावला गेली, मूल झालं नाही, नवरा आठ वर्षांपूर्वी वारला. गेल्या साली नवऱ्याच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा रस्त्यात गेला आणि तिच्या खात्यात छत्तीस लाख आले. तोवर भाचरांना आत्याचा पत्ता सांगायला आठवावा लागत असे. आता दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी मिठाईचा पुडा घेऊन खारबावला उतरत होतं.

"आणि आत्याला भीती कसली?" विपुलदादाने चहा बशीत ओतला. "तुळशीकाकांनीच यात चाळीस लाख टाकलेत. घरचा माणूस आहे."

तुळशीराम सोफ्यावर पाय दुमडून बसला होता. त्याने मान हलवली आणि टीव्हीकडे बघत राहिला.

हेमालीला त्या वेळी काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं, वडिलांनी अक्षय्यतृतीयेला तिला दोन पाटल्या घडवल्या होत्या, आणि घरातलं सगळं कसं अगदी दुधात साखर चाललं होतं. तिने ताळेबंद पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी कल्याण नाक्यावरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिने तो उघडला. शेजारच्या गाळ्यात लूम खडखडत होते, टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. दिवसभर ती लूमवाल्यांचेच हिशोब करायची, विपुलदादाची फाइल पलीकडच्या टेबलावर असायची. तिने आधी सोपं गणित केलं. वर्षाच्या आत जे देणं चुकवायचं आहे ते एका बाजूला ठेवायचं, वर्षाच्या आत जे हातात असेल किंवा येईल ते दुसऱ्या बाजूला. एकाने दुसऱ्याला भागायचं. देणं तेवीस लाख. हातात बँकेतले एक्केचाळीस आणि येणं सात, मिळून अठ्ठेचाळीस. भागाकार दोन पॉइंट एक. म्हणजे देण्याच्या प्रत्येक रुपयासमोर घरात दोन रुपये दहा पैसे. वा! असा धंदा भिवंडीत शोधून सापडायचा नाही.

मग तिने आपल्या वडिलांचे चाळीस लाख शोधले. ते होते. 'दीर्घ मुदतीचं कर्ज' या ओळीत, नावासकट, म्हणजे वर्षाच्या आत चुकवायच्या तेवीस लाखांत न धरलेले. ती समाधानाने पान उलटणार तेवढ्यात तिची नजर समोरच्या नफा-तोट्याच्या पानावर, खर्चाच्या बाजूला, व्याजाच्या ओळीवर गेली. गाडीच्या कर्जाचं व्याज होतं. वडिलांच्या चाळीस लाखांवर व्याज मात्र शून्य.

हेमालीने डबा बंद केला. तिच्या बापाला ती ओळखत होती. काशीआत्याचा नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा याने वीस हजार दिले होते, आणि तेराव्याच्या दिवशी, अजून पत्रावळी उचलल्या नव्हत्या तेव्हा, व्याजासकट परत मागितले होते. तो माणूस पुतण्याला चाळीस लाख फुकट देईल? सूर्य पश्चिमेला उगवेल, पण हे व्हायचं नाही.

तिने पलीकडच्या टेबलावरून जीएसटीच्या कामासाठी आलेलं 'गोविंदस्मृती'चं बँक स्टेटमेंट घेतलं आणि मार्चचं शेवटचं पान काढलं.

तीस मार्च, शिल्लक एक लाख. एकतीस मार्च, तुळशीराम गोविंद भोईर यांच्याकडून चाळीस लाख. तीन एप्रिल, तुळशीराम गोविंद भोईर यांना बेचाळीस लाख.

बेचाळीस! तीन रातींचे दोन लाख. आणि तेही कुठून? दोन तारखेला एका भाडेकरूने आगाऊ भरलेल्या भाड्यातून.

चाळीस काढले की हातात उरतात आठ. आठ भागिले तेवीस. रुपयाच्या देण्याला पस्तीस पैसे. दोन रुपये दहा पैशांचा थाट तीन दिवस टिकला होता, आणि त्या तीन दिवसांतलाच एक दिवस छापून, कोट घालून, आत्याला दाखवायचा होता.

ती मनोज सरांच्या केबिनमध्ये गेली. ऑफिस त्यांचं, आणि ताळेबंदावर सी.ए. म्हणून सहीही त्यांचीच होती. सरांनी स्टेटमेंट पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एकतीस मार्चला पैसे होते की नव्हते?" ते म्हणाले.

"होते, पण..."

"मग झालं तर. ताळेबंद त्या एका दिवसाचा असतो. पुढे काय झालं ते पुढच्या वर्षी दिसेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सगळ्या गावाचं हेच चालतं, हेमाली. मार्च आला की एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. आपण आकडे लिहायचे. कोणाची आत्या सांभाळायला बसलोय का आपण?"

बोलता बोलता ते दात कोरत होते. काडीच्या टोकाला आलेलं त्यांनी बघितलं आणि पुन्हा तोंडात घातलं. हेमाली बाहेर आली आणि तिने हात साबणाने धुतले. कशाला धुतले ते तिलाही कळलं नाही.

शुक्रवारी तिने अर्धी सुट्टी टाकली आणि अंजूरला रिक्षातून थेट गोडाऊनवर उतरली. ताळेबंदात आणखी एक ओळ होती, भाडेकरूंचं डिपॉझिट, तीस लाख, तीही दीर्घ मुदतीत. डिपॉझिट हे परत करायचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या इकडे गोडाऊन बांधलं, कंपनीवाल्याने डिपॉझिट दिलं, की ते घरात आलेलं धन समजायची रीतच पडली आहे. विपुलदादाने धाकट्या भावाची हळद केली ती त्यातूनच. दोन दिवस बेंजोवाल्यांचा ताफा, दीड हजार माणूस, मटणाच्या टोपांना उभं राहायला अंगण पुरेना. उरलेल्यात मोठी पांढरी गाडी आली. तेव्हा हेमालीही नाचली होती, नाही कशाला म्हणायचं?

गोडाऊनच्या दारातच वास आला. आत पिठाची पोती होती, एकावर एक, छतापर्यंत, आणि खालच्या दोन थरांना काळीनिळी बुरशी धरली होती. पोत्यांतून चिकट पाणी झिरपत होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या. एक घूस दिवसाढवळ्या हेमालीच्या चपलेजवळून गेली, पळालीसुद्धा नाही.

"भादव्यात भरतीचा पानी आत शिरला," वॉचमन मोरू नाकाला टॉवेल लावून म्हणाला. गावातलाच म्हातारा, याच जमिनीवर कधीकाळी आजोबांच्या हाताखाली लावणी केलेला. "विपुलशेटनी भराव कमी घातला ना. खाडीला काय समजतं, तुमचा शेट हाय म्हनून? तिनी कंपनीवाल्या पार्ट्या चालल्या सोरून. दिवाळीला खाली करतान. डिपॉझिट मांगतान."

"दिवाळीला? नक्की?"

"नोटीस आयलीय ना. मीच सही करून घेतली." मोरूने टॉवेलाआडून विचारलं, "तुला न्हाय सांगितला? तुजा बापूस व्हता की तवा हितं."

हेमालीने तिथेच, त्या घाणीत उभं राहून, मनातल्या मनात भागाकार केला. तेवीसमध्ये तीस मिळवले, त्रेपन्न. आठ भागिले त्रेपन्न. रुपयाला पंधरा पैसे. दिवाळीला तीन कंपन्या दारात उभ्या राहणार, आणि आत्याचे छत्तीस लाख त्यांच्या हातावर ठेवून विपुलदादा मोकळा होणार. धंद्यात नाही, गोडाऊनमध्ये नाही, आत्याचा पैसा सरळ या कुजक्या पिठाच्या पाण्यात जाणार होता. आणि बापाला माहीत होतं.

घरी येऊन तिने दोनदा अंघोळ केली. नाकातला वास जाईना.

शनिवारी सकाळी तिने तुळशीरामला गाठलं. तो ओट्यावर बसून बोंबलाचे तुकडे करत होता, चाकूने अगदी सारखे सारखे.

"बाबा, तुमचे चाळीस लाख विपुलदादाकडे नाहीत."

त्याने मान वर केली नाही. "व्हते."

"तीन दिवस."

"तीन दिवस तर तीन दिवस. मी खोटा कुटं बोललो? टाकलंत बोललो, टाकलं व्हतं."

"आणि परत घेतले हे आत्याला सांगितलंत?"

"तिनी इचारला न्हाय." त्याने बोंबलाचं डोकं उडवलं. मग चाकूचं टोक हेमालीच्या मनगटाकडे केलं. "आनि तू जास्त शानपना करू नको. त्या पाटल्या कशातून आयल्या, वाटतंय तुला? आकाशातून परल्या? सासरी बोडक्या हातानं गेली असतीस, मंग चाललं असतं?"

हेमालीने हाताकडे पाहिलं. अक्षय्यतृतीया. एप्रिलचा शेवट. दोन लाख. अरे देवा! सहा महिने ती ते हातात घालून जेवली होती, झोपली होती, मैत्रिणींना दाखवत फिरली होती. तिला वाटलं, गोडाऊनमधली अळी मनगटावर चढली आहे. तिने पाटल्या ओढल्या. आठवडाभराच्या उकाड्याने हात सुजला होता, त्या हाडाशीच अडकल्या.

"उद्या गप बसायचा," तुळशीराम म्हणाला. "दोन पॉइंट एक, येवराच बोलायचा. खोटा न्हाय तो. छापलेला हाय."

रविवारी सकाळी दहा वाजता पांढरी गाडी खारबावला काशीच्या दारात लागली. काशीने शेणाने सारवलेल्या खळ्यात चटई घातली होती आणि सगळ्यांसाठी घावणे केले होते. तिचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण लख्ख. एका खिळ्यावर नवऱ्याचा शर्ट अजून धुऊन, घडी घालून टांगलेला. चेकबुक तिने तांदळाच्या डब्यातून काढून आणलं, त्यावरचे तांदळाचे कण पदराने पुसले.

"खा बाय आधी," ती हेमालीला म्हणाली. "मंग सांग. मना यातला काय बी समजत न्हाय. तुजे बापसानं टाकलंत, म्हनून मी टाकते. येवराच हाय माज्याकरं, बग. हे गेलं तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

तुळशीरामने घावण्याचा मोठा तुकडा तोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात कोंबला. बहिणीच्या डोळ्यात डोळे घालून तो चावत होता. हेमालीला त्याच्या जबड्याचा आवाज ऐकू येत होता. आपला बाप आहे, तिने स्वतःला बजावलं. पण शिसारी यायची ती आलीच.

"सांग, सांग," विपुलदादाने पेन काशीच्या हातात दिलं. "दोन पॉइंट एक म्हणजे काय ते सांग."

"दोन पॉइंट एक म्हणजे," हेमाली म्हणाली, "विपुलदादाला वर्षाच्या आत एक रुपया चुकवायचा असेल, तर घरात दोन रुपये दहा पैसे आहेत."

"बघ!" विपुलदादा म्हणाला.

"आत्या, तुझी वज्रटीक आठवते?"

काशीचे डोळे बारीक झाले. गळ्यालगत बसणारी ती सोन्याची वज्रटीक अंजूरला आणि खारबावला सगळ्यांना ठाऊक होती. आमच्यात हळदीला नवरीच्या गळ्यात सोनं कमी दिसलं तर नाक कापलं जातं, म्हणून भावकीतल्या बायका आपापलं सोनं एका रातीसाठी देतात. नवरी मढते, फोटो निघतात, पाहुणे बोटांवर मोजतात. सकाळी चहाच्या आधी ज्याचं त्याला परत. काशीची वज्रटीक अशा चौदा जणींच्या हळदीला जाऊन आली होती, आणि दर वेळी ती रुमालात बांधून परत आली होती. त्यात पाप नव्हतं, त्यात लपवाछपवीही नव्हती. मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं कोणाचं काय आहे.

"आठवते," काशी म्हणाली. "विपुलच्या भावजयीला पन दिलेली."

"त्या दिवशीचा तिचा फोटो दाखवून कोणी तुला म्हणालं असतं, बघ हिच्याकडे एवढं सोनं आहे, हिला उधार दे. तर दिलं असतंस?"

"येडी हाय का मी? मना मायती ना, कुनाचा हाय तो." काशी थांबली. पेन तिच्या हातातच होतं. तिने ताळेबंदाकडे बघितलं, आजोबांच्या कोटाकडे बघितलं. ताळेबंद वाचता येत नव्हता, पण चौदा हळदींचा हिशोब तिला तोंडपाठ होता. "हा... हा हल्दीचा फोटो हाय?"

"एकतीस मार्चचा. तीन दिवसांनी सोनं परत गेलं. आता रुपयाला पस्तीस पैसे आहेत. दिवाळीला भाडेकरू निघाले की पंधरा. तुझे छत्तीस लाख त्यांच्या डिपॉझिटला जाणार."

"ए हेमाली!" विपुलदादा ताडकन उठला. "कुठली कागदपत्रं कुठे बोलतेस? ऑफिसात सांगू का तुझ्या? नोकरी राहणार नाही!"

"सांग. सरांना माहीत आहे सगळं."

काशीने विपुलकडे मानसुद्धा वळवली नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"सोना कुनाचा व्हता?" तिने विचारलं.

तुळशीरामचं चावणं थांबलं. हेमालीला वाटलं, आता त्यानेच बोलावं. निदान एवढं तरी. बहीण समोर बसली आहे, तिच्या हातचं तोंडात आहे, आता तरी म्हणावं की माझे होते, काशे, चुकलो. ती थांबली. त्याने घास गिळला, पाण्याचा तांब्या उचलला, प्याला आणि मिशा पुसल्या.

"माझ्या बापाचं," हेमाली म्हणाली. "तीन रातींचे दोन लाख घेतले त्याने. त्याच्या या पाटल्या."

काशी भावाकडे वळली. रडली नाही. तिचा चेहरा कसा झाला होता सांगू? माशाच्या पाटीत हात घालावा, वरचा मासा ताजा लागावा आणि खालचा बोटांत विरघळावा, तसा.

"कुनाचा काय गेला?" तुळशीराम शेवटी म्हणाला. "चेक लिवला का तू? न्हाय लिवलास. मंग? तुजा तर पैसा बी गेला न्हाय."

काशी उठली. चेकबुक तिने तांदळाच्या डब्यात परत टाकलं आणि आतून खोबरेलाची बाटली घेऊन आली. हेमालीसमोर बसून तिने तिचा हात मांडीवर घेतला, तेल ओतलं आणि अंगठ्याच्या मुळाशी चोळत राहिली. लहानपणी जत्रेतल्या बांगड्या काढायला चोळायची, तशीच.

"दुखंल जरा," ती म्हणाली.

दुखलं. एक निघाली, मग दुसरी. मनगटावर लाल वळ उठले. काशीने तेलकट पाटल्या पदराने पुसल्या, स्वच्छ केल्या आणि उठून भावाच्या हातावर ठेवल्या.

"लगीन माज्या पोरीचा मी बगीन," ती म्हणाली. "वज्रटीक घालून जाईल ती सासरी, आनि परत न्हाय द्यायची. ह्या तू ने. दोन लाखाला भयन इकलीस तू, त्याची रशीद हाय ती."

विपुलदादा केव्हाच गाडीत जाऊन बसला होता आणि हॉर्न वाजवत होता. तुळशीराम उठला. हेमाली त्याच्याकडे बघत होती. तो त्या खाली ठेवील, फेकून देईल, असं तिला अजूनही वाटत होतं. बाप होता शेवटी.

तुळशीरामने पाटल्या तळहातावर वजन केल्यासारख्या हलवल्या. मग रुमाल काढला, त्यात त्या नीट गुंडाळल्या, गाठ मारली आणि खिशात घातल्या. दारापर्यंत जाईस्तोवर त्याने खिसा दोनदा चाचपून पाहिला.